काळ्या ट्रंकेतलं पत्र आणि ‘नाना’चा शेरा

प्रश्न : सुभेदारसाहेब, माझे मिस्टर १९९८ साली पायदळात भरती झाले आणि २४ वर्षं नोकरी करून मार्च २०२२ अखेर हवालदार म्हणून घरी आले. २०१३ ते १५ या काळात ते आरआरमध्ये (राष्ट्रीय रायफल्समध्ये) काश्मिरात कुपवाड्याला होते. तिथून आल्यावर आम्हाला सिकंदराबादला क्वार्टर मिळालं आणि २०१६ मध्ये तिथेच त्यांना बीपी निघाला. तेव्हापासून रोज दोन गोळ्या. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने ३० टक्के डिसॅबिलिटी लिहिली, एवढं ते बोलले होते. परवा गणपतीआधी माळा साफ करताना त्यांची काळी ट्रंक उघडली, त्यात रेकॉर्ड ऑफिसचं इंग्रजी पत्र निघालं, ऑगस्ट २०२२ चं. भाचीने वाचून सांगितलं की डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर आहे, सहा महिन्यांत अपील करा. त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘नाना लागलाय, विषय संपला. आणि हातीपायी धड माणसानं अपंगाचे पैसे खायचे का?’ तालुक्यातला एकजण म्हणतो, कागद माझ्याकडे द्या, आधी सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंग प्रमाणपत्र काढा, थकबाकी मिळाली की २५ टक्के माझे. हे आता साखर कारखान्यावर सिक्युरिटीत आहेत. ती नोकरी जाईल अशी भीती वाटते. मुलगी बारावीला आहे. यांना न सांगता मी अर्ज केला तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, खटाव तालुका

उत्तर :

वहिनी, जय हिंद.

आधी एक कबुली देतो. मी फौजेत क्लार्क होतो. पलटणीत आणि रेकॉर्ड ऑफिसात मिळून २८ वर्षं आधी टाइपरायटर आणि मग कॉम्प्युटर बडवला. तुमच्या हाती आलंय तसली पत्रं मी शेकड्यांनी टाइप केली आहेत. मजकूर ठरलेला असायचा. आर्मी नंबर, रँक, नाव, आजाराचं नाव आणि तारीख तेवढी बदलायची. त्यामुळे ‘विषय संपला’ असं ते पत्र वाचून कुणी म्हणालं की मला थोडं अपराध्यासारखं होतं. पत्राच्या शेवटी अपिलाचा परिच्छेद असतो, तो आम्हीच टाइप करायचो आणि तो कुणी वाचत नाही हेही आम्हाला ठाऊक असायचं.

‘नाना’ म्हणजे काय ते भाचीला त्या पत्रातच सापडेल : नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल टू नॉर अ‍ॅग्रेव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस. त्या इंग्रजी अक्षरांचा फौजेत नाना झाला. त्याचा अर्थ असा की आजार फौजी नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पेन्शनसाठी त्यातली एक सिद्ध झाली तरी पुरते. बीपीच्या बाबतीत ‘नोकरीमुळेच झाला’ हे ठरवणं अवघड असतं, कारण तो कुणालाही होतो, माझ्या शेजारच्या किराणावाल्यालाही आहे. ‘नोकरीमुळे वाढला’ हा दरवाजा मात्र उघडा असतो. हवालदारसाहेबांची केस या दुसऱ्या दरवाजातून जायची आहे. ३० टक्के हा आकडा तर बोर्डाने स्वतःच लिहून दिलेला आहे, त्यावर भांडण नाही. अशा निवृत्तीत २० टक्क्यांच्या खाली असतं तर मीच तुम्हाला म्हणालो असतो की फार धावपळ करू नका.

आता ‘हातीपायी धड माणसा’बद्दल. त्यांचा हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. डिसॅबिलिटी पेन्शनचा गैरफायदा घेणारे आहेत. फौजेतही त्यावर उघड बोललं जातं आणि सरकारने २०२३ मध्ये नियम बदलले तेव्हा हेच कारण पुढे केलं होतं. गावात ‘मेजर’ म्हणून मान असलेल्या माणसाला त्या रांगेत उभं राहायचं नसेल तर मला ते समजतं. पण त्यांना १९९८ ची भरती आठवायला सांगा. उघडं करून, छाती फुगवून मोजली, तळवे सपाट आहेत का बघितलं, कान-डोळे-दात तपासले, जरा शंका आली की पोरगं बाजूला. त्या चाळणीतून हे पार झाले आणि कागदावर कुठलाही आजार लिहिला गेला नाही. २४ वर्षांनी त्याच खात्याच्या डॉक्टरांनी ३० टक्के कमी करून घरी पाठवलं. मधले ३० टक्के कुठे गेले याचं उत्तर द्यायचं कुणी?

सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सोडवला. सिग्नल कोअरचा जवान, १९८५ ची भरती, फिट येण्याच्या आजारामुळे १९९४ मध्ये २० टक्के डिसॅबिलिटीवर बाहेर पडलेला. त्यालाही नानाच लागला होता. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं. नंतर तब्येत बिघडली तर ती नोकरीमुळे बिघडली असं धरायचं. तसं नाही असं म्हणायचं असेल तर ते सरकारने सिद्ध करायचं, आणि मेडिकल बोर्डाने नाना लिहिताना कारण द्यायचं. या निकालानंतर हजारो फौजींनी त्याचा आधार घेतला. वकिलाच्या तोंडी हे नाव पहिल्या पाच मिनिटांत आलं नाही तर दुसरा वकील बघा.

लगेच खूश होऊ नका. बोर्डाचं मत शक्यतो मानावं असं सांगणारे निकालही आहेत, आणि आजकाल बोर्ड कारण लिहितंच. बीपीच्या केसमध्ये ते कारण बहुधा एका ओळीचं असतं : आजार पीस स्टेशनला (म्हणजे शांततेच्या ठिकाणी) सुरू झाला, फील्डच्या (सीमेवरच्या किंवा कारवाईच्या भागातल्या) ताणाशी संबंध नाही, लष्करी डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेचा परिच्छेद ४३. तुमच्या पत्रातही असंच काही असणार, कारण सिकंदराबाद पीस आहे. तो परिच्छेद ४३ मी अनेकदा नजरेखालून घातलाय. त्यात म्हटलंय की फील्ड, अति उंचावरचा भाग किंवा बंडखोरी-दहशतवादविरोधी कारवाईचा भाग इथे नोकरी करत असताना बीपी सुरू झाला तर तो नोकरीमुळे वाढला असं मानायचं. आणि फील्डच्या लांब, वारंवार पाळ्यांनंतर बीपी निघतो अशा केसेस असतात हेही त्याच परिच्छेदात मान्य केलेलं आहे. बोर्ड पहिलं वाक्य उचलतं. तुम्ही दुसरं उचला.

बीपी ज्या दिवशी मोजला त्या दिवशी सुरू होतो असं कुठला डॉक्टर म्हणतो? कुपवाड्याच्या चौकीवर रोज सकाळी कुणी पट्टा बांधून बीपी घेत नाही. माणूस खाली उतरतो, क्वार्टर मिळतं, बायको म्हणते डोकं दुखतंय तर एमआय रूमला (पलटणीच्या दवाखान्यात) जाऊन या, आणि मग तो ‘पीस स्टेशनला सुरू झाला’ असा कागदावर येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मधुमेहाच्या एका प्रकरणात सांगितलंच आहे की आजार पीसला निघाला एवढंच कारण पेन्शन नाकारायला पुरत नाही. (पीसला ताण नसतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा पीसच्या पलटणीत वर्षभर ट्रेनिंग, गार्ड, इन्स्पेक्शन आणि खेळाच्या स्पर्धा काढून बघाव्यात. असो.)

म्हणजे सगळी केस २०१३ ते १५ या दोन वर्षांवर उभी आहे. आणि इथेच मला माझी दुसरी, जास्त मोठी कबुली द्यायची आहे.

निवृत्तीच्या वेळच्या म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाचा फॉर्म असतो, त्याला एएफएमएसएफ-१६ म्हणतात. त्याच्या पहिल्या भागात जवानाचं स्वतःचं निवेदन असतं आणि त्यात पोस्टिंगचा तक्ता असतो : कधीपासून, कधीपर्यंत, कुठे, आणि शेवटच्या रकान्यात पीस की फील्ड. तिथे फक्त एक अक्षर लिहायचं, पी किंवा एफ. निवेदन जवानाचं असलं तरी भरतो क्लार्क. जवान सही करतो. घरी जायची घाई असते, बोर्डाची तारीख जवळ आलेली असते, समोर दहाजण उभे असतात, कोण वाचतो?

पलटणीत असताना मी एकदा अशा एका शिपायाचा तक्ता भरला. त्याची मूळ पलटण त्या वर्षांत पीसला होती, म्हणून मी सरळ ‘पी’ लिहून मोकळा झालो. तो मात्र त्या काळात आरआरला गेलेला होता, काश्मिरात. ते त्याच्या नोंदीत वेगळ्या पानावर होतं, आणि मी ते पान उलटलं नाही. त्याला नाना लागला. सहा वर्षांनी तो मला एका रॅलीत भेटला आणि फार न रागावता म्हणाला, ‘साहेब, तुमच्या पेनानं मला काश्मिरातून परत आणलं.’ ते एक अक्षर दुरुस्त व्हायला त्याची पुढची चार वर्षं गेली.

तेव्हा वहिनी, तो फॉर्म सगळ्यात आधी हाती यायला हवा. आधी ट्रंकच नीट उपसा. बऱ्याच जणांना निघताना प्रत मिळालेली असते आणि ती डिस्चार्ज बुकाच्या प्लॅस्टिकमध्ये घडी करून पडलेली असते. तिथे नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकाराखाली मागायची. त्याला दहा रुपये फी आणि उत्तराला ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील. मागताना ‘माझे सगळे कागद द्या’ असं लिहू नका, त्याला ‘सगळे म्हणजे कुठले’ असं उत्तर येतं, मी स्वतः दिलेलं आहे. नाव घेऊन मागा : रिलीज बोर्डाचा एएफएमएसएफ-१६ पूर्ण, सर्व पानांसह. भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद. २०१६ पासून मेडिकल कॅटेगरी लावताना झालेल्या प्रत्येक बोर्डाचा एएफएमएसएफ-१५. आणि सर्व पोस्टिंगचा तपशील, आरआरच्या काळासह, प्रत्येक ठिकाण पीस होतं की फील्ड या नोंदीसकट. भरतीचा कागद का, ते वर धरमवीर सिंह यांच्या गोष्टीत आलंच.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथेच सुटतो. हा अर्ज तुमच्या नावाने करून उपयोग नाही. दुसऱ्याची वैद्यकीय माहिती म्हणून तो नाकारला जाईल, पत्नी असलात तरी. आणि त्यांच्या नावाने सही तुम्ही ठोकायची नाही. तसं करणाऱ्या वहिनी मला माहीत आहेत, पुढे सहीच जुळत नाही म्हणून अडकल्या.

अपिलाकडे येऊ. सहा महिने केव्हाच गेले, पण त्याने दार बंद होत नाही. पहिलं अपील आजही करायचं, आणि उशीर का झाला ते त्यातच स्वतंत्र परिच्छेदात खरंखरं लिहायचं : पत्र इंग्रजीत होतं, अपिलाचा हक्क समजला नाही, कुणी मार्गदर्शन केलं नाही. आजारपणाची, ॲडमिट असल्याची खोटी कहाणी रचू नका. अपील कुणाच्या नावे आणि कुठे पाठवायचं ते त्या नामंजुरीच्या पत्रातच शेवटी असतं. ते फेटाळलं तर वर दुसरं अपील असतं, पुन्हा सहा महिन्यांत. कधीकधी अपील मेडिकल बोर्डासाठी दवाखान्यात बोलावतात. जावं, आणि आदल्या दिवशी गोळ्या बंद करून बीपी वाढवून जायचा शहाणपणा कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. आधीच सांगितलं ना, टक्क्यावर आपलं भांडण नाहीच.

अपिलाने काम झालं नाही, किंवा अपील देऊन सहा महिने झाले तरी उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. आपलं खंडपीठ मुंबईत आहे. २००७ च्या कायद्याने ही न्यायाधिकरणं झाली, त्याआधी फौजीला थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागायची. अपील न करता एकदम तिथे गेलात तर बहुतेक वेळा ‘आधी खात्याकडे जा’ म्हणून परत पाठवतात, म्हणून गाळू नका. तिथे जिंकलं म्हणजे पैसे आलेच असंही नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निकालांविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट मोकळी केली, आणि त्या वाटेवर सध्या सरकारची वर्दळ मोठी आहे. एकूण दोन-तीन वर्षं मनात धरून बसा.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी भक्कम आहेत. साहेब २०२२ मध्ये निवृत्त झाले, त्यामुळे २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना लागणारे नवे, जास्त कडक नियम त्यांना लागत नाहीत. त्यांना २००८ चे नियम. आणि त्या नियमांत म्हटलंय की दावा करणाऱ्याला सहसा पुरावा द्यायला सांगायचं नाही. निवृत्तीनंतर १५ वर्षं उलटून दावा केला तर मात्र सिद्ध करण्याचं ओझं जवानावर जातं. तुम्ही त्याच्या खूप आत आहात.

पण उशिराची किंमत आहेच, आणि ती रुपयांत सांगतो. पेन्शन दर महिन्याची गोष्ट असल्याने हक्क मरत नाही. थकबाकी मात्र न्यायाधिकरण सहसा अर्ज दाखल केल्याच्या मागची तीनच वर्षं देतं. तरसेम सिंह यांच्या २००८ च्या निकालापासून ही वहिवाट आहे. हिशेब असा : १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम. समजा बेसिक, एमएसपी (लष्करी सेवा वेतन) वगैरे धरून त्यांचा शेवटचा आकडा ५०,००० होता, तर १०० टक्क्यांना १५,००० आणि त्यांच्या ३० टक्क्यांना ४,५०० रुपये. मात्र इथे ब्रॉड बँडिंग नावाची गोष्ट आहे. ५० च्या आतला आकडा ५० धरतात, ५० ते ७५ चा ७५, त्यावरचा १००. आधी ही सवलत आजारामुळे मध्येच घरी पाठवलेल्यांनाच देत असत. राम अवतार यांच्या निकालाने, १० डिसेंबर २०१४ ला, पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही ती लागू झाली. म्हणजे ४,५०० चे ७,५०० होतात, वर महागाई सवलत, चालू पेन्शनला हात न लागता. अपिलात आणि पुढे न्यायाधिकरणाच्या अर्जात ‘३० वरून ५०’ ही मागणी वेगळी लिहून घ्या. न मागितलेलं सरकारी कागदातून आपोआप बाहेर येत नाही.

आता समजा तुम्ही न्यायाधिकरणात २०२६ च्या जूनपर्यंत पोचलात. तीन वर्षं मागे म्हणजे जून २०२३. एप्रिल २०२२ पासूनचे १४ महिने गेले. ७,५०० ने गुणलं तर एक लाख पाच हजार, महागाई सवलत सोडून. ते पत्र ट्रंकेत आहे तोवर यात दरमहा भर पडत राहणार.

तालुक्यातल्या गृहस्थांचं दोन ओळींत. सिव्हिल हॉस्पिटलच्या दिव्यांग प्रमाणपत्राचा या पेन्शनशी काडीचा संबंध नाही. तो २०१६ चा वेगळा कायदा आहे, त्यातल्या २१ प्रकारांत बीपी बसतच नाही, आणि इथे फक्त लष्करी बोर्डाचा कागद चालतो. ज्याला एवढंही माहीत नाही त्याला २५ टक्के कशाचे? वकिलानेही निकालावर टक्केवारी ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तसं कुणी म्हणालं तर उठून या. मूळ कागद कुणालाच द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायच्या. स्पर्शचा, म्हणजे फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलचा, पासवर्ड किंवा ओटीपी तर मुळीच नाही. स्पर्शवर तक्रार टाकून नाना पुसला जातो असं कुणी सांगेल, तेही खोटं आहे. मंजुरी झाली की सुधारित पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) तिथे येतो, तिथलं काम एवढंच.

फुकटात मदत साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. अपिलाचा मसुदा तिथे बघून घ्या. शिवाय जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली आहे, त्यात सैनिक कल्याण कार्यालयांतच कायदेशीर सल्ला केंद्रं काढायची आहेत. साताऱ्यात ते कोणत्या वारी बसतात ते विचारून मगच एसटी पकडा.

कारखान्याची नोकरी जाणार नाही. पेन्शनच्या या भागाचा खासगी नोकरीशी संबंध नाही आणि रेकॉर्ड ऑफिस कारखान्याला काही कळवत बसत नाही. नोकरीला लागताना फॉर्मवर ‘कुठलाही आजार नाही’ असं त्यांनी लिहिलेलं असेल तर मात्र ते त्यांनी आधी आठवून ठेवावं. आणि रात्रपाळीत गोळी चुकते, हे मी स्वतः त्याच गोळ्या घेणारा माणूस म्हणून सांगतो.

राहिला उरलेला अर्धा प्रश्न, त्यांना सांगायचं कसं. पैशाचा विषय काढू नका, अपंग हा शब्दही नको. एक जुनी वही घ्या आणि लग्नापासूनची वर्षं एकाखाली एक लिहा. कुठली दिवाळी तुम्ही एकटीने काढली, मुलीच्या बारशाला ते कुठे होते, सुट्टी रद्द झाल्याचा फोन कुठून आला होता, क्वार्टरला सामान कुठल्या महिन्यात हललं. फौजेच्या कुठल्याही रजिस्टरपेक्षा हे तुम्हाला पक्कं आठवत असणार. शेवटी एक रकाना मोकळा सोडा. रात्री जेवण झाल्यावर वही त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, प्रत्येक ओळीपुढे पी की एफ तेवढं लिहून द्या. मुद्दाम कुपवाड्याच्या ओळीपुढे तुम्ही आधीच पेन्सिलीने ‘पी’ लिहून ठेवा. त्या ओळीपाशी आल्यावर गप्प बसलेला फौजी मी अजून पाहिलेला नाही. ते खोडायला पेन मागतील, तेव्हा माहितीच्या अधिकाराचा अर्जही वहीखालीच असू द्या.

तुमचा,
सुभेदार (क्लार्क), निवृत्त